तान्ह्या बाळाच्या कानाचे यंत्र

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, विणकाम आणि यात्रेची वर्णने येतात. यंदा प्रत्येकीने घरातल्या एखाद्या वस्तूचा इतिहास लिहावा असे कार्यकारिणीत ठरले. कोणी पाट्या-वरवंट्याचा घेतला, कोणी शिवणयंत्राचा. मी श्रवणयंत्राचा घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर मुलीने वाचून मला मराठीत सांगितला आणि मी तो वहीत उतरवून घेतला. विषय सुचण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या नणंदेच्या नातीला जन्मतः कमी ऐकू येते. तिला आठव्या महिन्यात दोन्ही कानांना यंत्रे बसली. यंत्रे आणली एका दिवसात; ती कानात राहावयास चार महिने लागले. ज्यांनी यंत्र शोधून काढले त्यांची नावे पुस्तकांत आहेत. ते तान्ह्या बाळाच्या कानात टिकवले कोणी, हे पाहावे म्हणून हा लेख.

कमी ऐकणारा माणूस कानामागे तळहाताचा द्रोण धरतो. हाच विचार पुढे नेऊन युरोपात सतराव्या शतकापासून कानाला लावावयाचे कर्णे निघाले. बेथोवेन या थोर जर्मन संगीतकाराला ऐकू येईनासे झाले, तेव्हा मेल्त्सेल नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी असे कर्णे घडवले होते. परंतु कर्णा स्वतः हातात धरावा लागतो आणि समोरच्याने त्याच्या तोंडाशी येऊन बोलावे लागते. पाळण्यातल्या बाळाला त्याचा काय उपयोग? शिवाय बाळाला ऐकू येत नाही हे कळणार तरी कसे? ते रडते, हसते, हुंकारही देते. पहिले सहा महिने बहुधा कोणाला शंका येत नाही. दोन-अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, म्हणजे मग नवस आणि अंगारे सुरू होतात.

शाळा होत्या, पण त्या मोठ्या मुलांच्या. पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मगुरूंनी अठराव्या शतकाच्या मध्यानंतर हातांच्या खुणांनी शिकवण्याची शाळा काढली. आपल्याकडे मुंबईत माझगाव येथे १८८५ साली बिशप लिओ म्युरिन यांनी पहिली शाळा काढली. या शाळांना ‘मूकबधिर विद्यालय’ म्हणत, आणि त्या शब्दाने फार घोटाळा केला आहे. बहुतेक मुलांचा गळा आणि जीभ चांगली असते. कानावर शब्दच पडत नाहीत, मग ते तोंडातून कोठून येणार? आज आपण ‘कर्णबधिर’ म्हणतो, ते योग्यच आहे.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे पेशाने कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येई. हा मुलगा तिच्या कपाळाशी तोंड नेऊन स्पष्ट व हळू बोले, आणि ते तिला समजे. त्यांची पत्नी मेबल हिला पाच वर्षांची असताना स्कार्लेट ज्वराने बहिरेपण आले होते. आता ही बोलणेही विसरेल, असा धाक होता. मेबलच्या आईने तिच्याशी बोलणे सोडले नाही आणि तिच्याकडून बोलून घेणेही सोडले नाही. पुढे तिच्या वडिलांच्या खटपटीने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १८६७ साली अशा मुलांना बोलायला शिकवणारी शाळा निघाली. मेबल ओठांवरून बोलणे ओळखू लागली. बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. आवाजाची वीज करावयाची आणि विजेचा पुन्हा आवाज, ही त्यातली किमया पुढे श्रवणयंत्रांच्या कामी आली.

त्याच सुमारास एक अन्यायही झाला. १८८० साली इटलीतील मिलान शहरी शिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना फक्त तोंडाने बोलावयासच शिकवावे, खुणांची भाषा बंद करावी, असा ठराव झाला. त्यानंतर कित्येक शाळांत मुलांनी हात हलवले तर शिक्षा होई. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेने त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षांनी! मला वाटते, मुलाला यंत्र लावावे आणि हातांनीही बोलावे; आईच्या हातात जे जे आहे ते सारे द्यावे. असो.

विजेवर चालणारी पहिली यंत्रे विसाव्या शतकाच्या तोंडाशी निघाली. ती टेबलावर ठेवावयाची असत. पुढे काचेच्या नळ्यांची (जुन्या रेडिओत असत तशा) यंत्रे आली, आणि १९३५ नंतर ती अंगावर बाळगता येऊ लागली. परंतु बॅटऱ्यांसह त्यांचे वजन किलोभराच्या आसपास भरे. तीन किलोच्या बाळाला किलोचे यंत्र कोण बांधणार?

तान्ह्या बाळाचा विचार प्रथम नीट केला तो इंग्लंडात मँचेस्टर येथे आयरीन यूइंग या बाईंनी व त्यांचे यजमान अलेक्झांडर यूइंग यांनी. आयरीनबाई १९१९ सालापासून तेथील विद्यापीठात कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांना शिकवीत. त्यांचे स्वतःचे कानही अधू झाले होते. बाळाचे कान तपासण्याची त्यांची रीत १९४४ साली छापून आली. ती मला फार आवडली, कारण तिला लागणारे सामान आपल्या फळीवरचेच आहे. बाळाला आईच्या मांडीवर बसवावयाचे. एका बाईने समोर बसून खेळण्याने त्याचे लक्ष गुंतवावयाचे आणि ते खेळणे हळूच झाकावयाचे. त्याच क्षणी दुसरीने मागून, बाळाच्या नजरेआड राहून, हळू आवाज करावयाचा: कपाच्या काठावरून चमचा फिरवावयाचा, पातळ कागद चुरगाळावयाचा, खुळखुळा अगदी हलके हलवावयाचा. सात-आठ महिन्यांचे ऐकणारे बाळ त्या दिशेला मान वळवते. इंग्लंडात घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका पुढे कित्येक वर्षे याच रीतीने सर्व बाळांचे कान पाहत असत.

यात आपल्याला घेण्यासारखे आहे. आपल्याकडे शंका आली की आजी पाळण्यामागे थाळी बडवते. माझ्या नणंदबाईंनीही बडवली. बाळ दचकले आणि सारे घर निर्धास्त झाले. परंतु थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, वारा लागतो, सावली हलते. बाळ त्यानेही दचकते. शिवाय ज्याला थोडे ऐकू येते त्याला थाळी ऐकू येते, पण ‘सोनुल्या’ ही हाक ऐकू येत नाही. आपल्याला पाहावयाची असते ती हाक. म्हणून यूइंगबाईंनी मोठे आवाज न घेता हळू आवाज घेतले.

आता अमेरिकेतील एका आईची हकीकत सांगते. लुईस ट्रेसी ही नाटकात कामे करणारी नटी. तिचे यजमान स्पेन्सर ट्रेसी पुढे सिनेमाचे मोठे नट झाले. त्यांचा मुलगा जॉन १९२४ साली जन्मला. तो दहा महिन्यांचा असताना झोपला होता आणि तिच्या हातून दार धाडकन आपटले. बाळ जागे झाले नाही. तिने हाक मारली, आणखी मोठ्याने हाक मारली, आणि तिला कळून चुकले. डॉक्टरांकडून काही आशा मिळाली नाही. तेव्हा नटीचा व्यवसाय बाजूला ठेवून तिने घरीच मुलाला शिकवावयास घेतले. चेंडू दाखवावयाचा, आपल्या तोंडाशी धरावयाचा आणि ‘चेंडू’ म्हणावयाचे. दिवसातून किती वेळा याला गणती नाही. जॉन बोलू लागला, वाचू लागला, पुढे चित्रकार झाला आणि वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीत नोकरीस राहिला.

लुईसबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४२ साली लॉस एंजेलिस येथे विद्यापीठाच्या आवारातील एका लहानशा घरात त्यांनी मुलाच्या नावाने संस्था काढली. मूल शाळेत जाण्याआधी त्याच्या आईवडिलांना शिकवावयाचे, आणि तेही विनामूल्य, हा तिचा नियम. १९४३ पासून त्यांनी टपालाने धडे पाठवावयास सुरुवात केली. ज्या आईला लॉस एंजेलिसला जाणे शक्य नाही तिला घरबसल्या पत्र येई: या आठवड्यात अमुक करा, काय झाले ते कळवा. यंत्र सुधारणारे कारखानदार पुष्कळ झाले, परंतु स्वयंपाकघरातल्या आईला शिकवावे हे एका आईलाच सुचले.

१९४८ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या सरकारने गरजूंना श्रवणयंत्रे मोफत देण्यास आरंभ केला. तीही छातीवर बांधावयाची पेटीच होती. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. आपल्याला ट्रान्झिस्टर म्हटले की रेडिओ आठवतो, परंतु बाजारात ट्रान्झिस्टर आला तो प्रथम श्रवणयंत्रातून, १९५२ च्या अखेरीस. बेल यांच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रे करणाऱ्यांकडून त्या शोधाचा मोबदलाही घेतला नाही. यंत्राची पेटी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, इतकी लहान झाली.

तरीही पेटी ती पेटीच. ती छातीवर, तेथून वायर कानात. कापड घासले की खरखर, बाळ रांगू लागले की पेटी जमिनीला आपटे, वायर तोंडात जाई. आपल्याकडे केंद्र सरकारची साहाय्यक साधने देण्याची योजना १९८१ साली सुरू झाली. तिच्यातून वर्षानुवर्षे हीच खिशातली यंत्रे वाटली गेली. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ भगिनीच्या मुलाला १९८४ साली असे यंत्र मिळाले. तिने मांजरपाटाच्या दोन बंड्या शिवल्या, एक धुण्यात आणि एक अंगात. छातीवर खिसा, आवाज आत यावा म्हणून खिशाला रुपयाएवढे भोक, आणि जेवताना वरणभात त्यात सांडू नये म्हणून वरून प्लॅस्टिकचा पडदा. एस्‌.टी.त लोक विचारीत, “काय बाई, पोराला रेडिओ लावलाय का?” ती म्हणे, “हो, आकाशवाणी ऐकतोय.” ती बंडी तिने अजून ठेवली आहे. मी हातात घेऊन पाहिली. काजे-बटणांची जागा दोनदा रफू केलेली आहे, कारण मूल ओढून ओढून तेथेच फाडी.

हे यंत्र जितके लवकर लागेल तितके बरे, हे पटवून देण्यासाठी आणखी एका बाईला आयुष्य वेचावे लागले. मॅरियन डाउन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर येथे नुकत्याच जन्मलेल्या १७,००० बाळांचे कान आवाज करून तपासले. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांनाही त्यांनी यंत्रे लावली. त्या काळी पुष्कळ तज्ज्ञांना हे पटत नसे. बाई खमक्या होत्या. नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांनी विमानातून हवाई छत्री घेऊन उडी मारली, आणि २०१४ साली शंभर वर्षांच्या होऊन वारल्या. १९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्प यांना आढळले की निरोगी कान स्वतःच अगदी सूक्ष्म आवाज परत पाठवतो. तेव्हापासून झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत तपासणी होऊ लागली. १९९८ साली डाउन्सबाईंच्याच कोलोरॅडो राज्यातील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी दाखवून दिले की, ज्या बाळांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून उपाय सुरू झाले त्यांची भाषा, उशिरा कळलेल्यांपेक्षा पुष्कळ चांगली होते. म्हणून आता नियम सांगतात तो असा: पहिल्या महिन्यात चाळणीची तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्के निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू.

आपल्या देशात म्हैसूरची वाक्‌-श्रवण संस्था १९६५ साली आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था १९८३ साली निघाली (हे जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते). बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ साली सुरू झाला. तरी प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाचे कान तपासतातच असे नाही. नणंदेच्या नातीचे तपासले नव्हते. कुकरच्या शिट्टीला ती दचकत नाही हे तिच्या आईच्या लक्षात आले, तेव्हा एका डॉक्टरांनी “वर्षाची होऊ द्या, मग पाहू” असे सांगितले. आईने ऐकले नाही. दुसरीकडे नेऊन ‘बेरा’ तपासणी करवली. त्यात बाळ झोपलेले असते आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे तारा लावून पाहतात. तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती.

आता यंत्र कानामागे बसते, शेंगदाण्यापेक्षा थोडे मोठे. त्यातून एक बारीक नळी कानात बसणाऱ्या मऊ साच्याला जाते. या साच्याला सगळे ‘मोल्ड’च म्हणतात. कानात लगदा भरून माप घेतात आणि त्यावरून तो करतात. बाळाचा कान वाढतो, म्हणून पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी नवा मोल्ड लागतो. तो सैल झाला की यंत्र शिट्टी वाजवते. बाळाला ती बहुधा ऐकू येत नाही, पण घरच्यांना येते, आणि पुष्कळ घरांत यंत्र कपाटात जाते ते याच शिट्टीपायी. बिघाड समजून ठेवून देतात. वास्तविक मोल्ड लहान झालेला असतो.

पहिल्या दिवशी यंत्रे लावली तेव्हा ती दूध पीत होती. आई तिचे नाव घेऊन बोलली तशी ती चोखायची थांबली आणि आईच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. घरातल्या सर्व बायका रडल्या. पण चौथ्या दिवसापासून ओढाओढी सुरू झाली. या वयात बाळाला आपले कान सापडतात. त्यावर काही आहे म्हणजे ते तोंडात गेलेच पाहिजे. एकदा यंत्र पाळण्याच्या दुपट्यात सापडले, एकदा ताकाच्या भांड्यात. आजेसासूबाई म्हणाल्या, “तिला सोसत नाही, कशाला छळता?” हा प्रश्न टाकून देण्याजोगा नाही. म्हणून आधी ते पाहावे: कानाची पाळी लाल झाली आहे काय, मोल्ड टोचतो काय, कान वाहतो काय, आवाज फार मोठा लावला आहे काय. यांतले काही असेल तर यंत्र लावून देणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. यांतले काही नसेल तर मग तो नुसता खेळ असतो.

त्या घरात जे केले ते असे. झोपून उठली, दूध प्याली, प्रसन्न आहे, अशी वेळ धरून यंत्रे लावावयाची. लगेच दोन्ही हातांत काहीतरी द्यावयाचे: एका हातात खुळखुळा, दुसऱ्यात लाकडी चमचा. ओढले तर रागे भरावयाचे नाही, हसावयाचे तर मुळीच नाही, कारण हसल्याने त्याचा खेळ होतो. मुकाट्याने पुन्हा लावावयाचे. दिवसातून तीस वेळा ओढले तर तीस वेळा. फारच चिडली तर काढून, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. काढावयाचे ते आईने काढावे, तिने ओढले म्हणून निघू नये. न्हाऊ घालताना आणि झोपताना काढावयाचे, बाकी जागी आहे तोवर कानात. इंग्रजीत यासाठी टोपी विकत मिळते असे वाचले. नणंदबाईंनी जुन्या मलमलीच्या साडीची टोपरी शिवली. मलमल इतकी विरळ की आवाज अडत नाही, आणि हनुवटीखाली बंद असल्याने बोटे कानापर्यंत पोचत नाहीत. यंत्राला दोरा बांधून दोऱ्याची चिमटी झबल्याच्या पाठीला लावली, म्हणजे निघाले तरी हरवत नाही.

आपल्या काही रीती मात्र बदलाव्या लागल्या. कानात तेल घालणे बंद. डॉक्टर एरवीही नको म्हणतात, आणि तेलाने मोल्डची नळी बुजते. शेक-धुरीच्या वेळी यंत्र डबीत. पावसाळ्यात हवा दमट, म्हणून रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवतात. सर्वांत जपावयाचे ते गोल सेल. सेल बाळाने गिळला तर अन्ननलिका भाजते, क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळात न्यावे लागते. म्हणून लहान मुलांच्या यंत्राच्या सेलच्या कप्प्याला कुलूप असते. ते आहे ना, हे यंत्र घेतानाच पाहावे.

संक्रांतीला तिचे बोरन्हाण झाले. हलव्याचे दागिने, काळे झबले. फोटो काढताना एक नातेवाईक बाई म्हणाल्या, “फोटोपुरती ती यंत्रे काढा की, मुलगी आहे, उद्या स्थळे पाहायची आहेत.” खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. ज्या आजेसासूबाई सहा महिन्यांपूर्वी ‘कशाला छळता’ म्हणत होत्या त्याच म्हणाल्या, “राहू देत. चुरमुरे पडताना तिला ऐकू यायला हवेत.” फोटोत कानामागची निळी यंत्रे स्पष्ट दिसतात.

यंत्राने सर्व मुलांचे भागते असे नाही. ज्यांना अगदीच ऐकू येत नाही त्यांच्यासाठी कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसवावयाचे कॉक्लियर यंत्र निघाले आहे. त्याचा इतिहास निराळा आणि मोठा आहे. तेही बाहेरून लावावयाचा भाग कानात टिकला तरच उपयोगी पडते, आणि तेथेही पुन्हा टोपरे लागतेच.

आमची नात आता दीड वर्षाची आहे. रोज सकाळी यंत्रे लावली की तिची आई तिच्या पाठीमागे बसून, तोंड दिसू न देता, सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, श, स. ही कॅनडातील डॅनिएल लिंग या शिक्षकांची रीत आहे. बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सारे आवाज या सहांत येतात. सहाही ऐकले तर यंत्र ठीक चालले आहे असे समजावयाचे. प्रत्येक आवाजाला ती एक ठोकळा डब्यात टाकते. ‘स’ सर्वांत बारीक. गेल्या महिन्यापर्यंत ‘स’ला ठोकळा तिच्या हातातच राहत असे. मागच्या मंगळवारी मी तेथे बसले होते, तेव्हा तो डब्यात पडला. मग तिने स्वतःच पाळण्याखालून मलमलीचे टोपरे ओढून काढले आणि डोक्यावर उलटे घातले.